खाडीचा वाटा

अकराव्या दिवशी सकाळी दोन चुगलखोर जांभळे झाले.

तेजल कोयंडे टाकीच्या काचेला नाक लावून बघत राहिली. कालपर्यंत सहाही कोळंब्या पाण्यासारख्या आरपार होत्या. कागदावर त्यांचं नाव 'पहारा कोळंबी', पण कोळंबी प्रकल्पाच्या शेडवर सगळे त्यांना चुगलखोर म्हणत. त्यांच्या जनुकांत असा फेरफार केलेला होता, की विषाणू अंगात शिरला की चार तासांत रंग बदलायचा. परदेशातून आलेल्या अंड्यावरच्या माद्यांसोबत त्यांना एकवीस दिवस एकाच पाण्यात ठेवायचं. प्रमाणपत्राला न सापडलेला रोग इथे सापडायचा.

माणसाला त्या विषाणूनं काही होत नाही. पण कोळंबी आणि कुर्ल्या, म्हणजे खेकडे, आठवड्यात संपतात.

तिनं शेड सील केली, वर कळवलं आणि व्यवस्थापक पराडकरांना बोलावलं.

"कळवलंससुद्धा? आधी मला विचारायचं तरी!" पराडकर दारातूनच ओरडले. "माल रोगमुक्त आहे. तसा शिक्का आहे त्यावर."

"शिक्का विषाणूला वाचता येत नाही, साहेब. सगळ्या माद्या आजच नष्ट करायच्या." ती टाकीतल्या माद्या मोजू लागली. "अडतीस. आल्या तेव्हा चाळीस होत्या."

"दोन प्रवासात मेल्या. नोंद आहे."

"मेलेल्या जाळायच्या असतात. जाळल्याची नोंद कुठाय?"

पराडकरांनी चष्मा काढून शर्टाला पुसायला घेतला. पुसतच राहिले.

"साहेब, दोन माद्या कुठायत?"

"अगं, वाट्यात गेल्या त्या."

नवा माल आला की त्यातला थोडा खाडीला द्यायचा, तोही लेकुरवाळीच्या हातून, ही इथली जुनी रीत. माल आला त्या दिवशी नारळ फुटल्यावर टोपली तेजलच्याच हातात दिली होती. पाच वर्षांच्या ईरानं आईच्या हाताला हात लावून ती पाण्यात कलती केली होती. टाळ्याही पिटल्या होत्या पोरीनं.

"मी दोनदा विचारलं होतं तुम्हाला. जुन्या तळ्यातल्या आहेत म्हणालात!"

"तसं म्हटलं नसतं तर तू सोडल्या असत्यास?" पराडकरांचा आवाज चढला. "नव्या मालाचा वाटा जुन्यातून द्यायचा? खाडीला फसवायचं?"

"म्हणून मला फसवलंत! माझ्या लेकीचा हात वापरलात! देवाधर्माचं एवढं होतं तर एकवीस दिवस थांबून वाटा दिला असतात. खाडी काय पळून जाणार होती?"

"दोनच तर होत्या, तेजल."

"एकेकीच्या पोटात लाखावर अंडी होती. दोन कसल्या?"

तिनं दुसऱ्या खोलीतून राखीव चुगलखोरांची बरणी उचलली. त्यांना टाकीच्या पाण्याचा थेंबही लागलेला नव्हता. शेडच्या चपला बदलल्या, हात कोपरापर्यंत धुतले आणि ती तडक खाडीवर गेली.

सासूबाई गुडघाभर पाण्यात कुर्ल्या धरत होत्या. ईरा काठावर त्यांची टोपली सांभाळत बसली होती. टोपली शिगोशीग भरलेली.

"बरा झाला इलंस," सासूबाई हसल्या. "आज कुर्ल्यो पळणत नाय गो. हातान धरूक गावतत!"

तेजलनं खाडीचं पाणी तांब्यानं बरणीत ओतलं, झाकण लावलं, घड्याळात पाहिलं. दुपारी एकपर्यंत कळणार होतं. सासूबाईंना तोवर काय सांगायचं? आणि त्यानंतर तरी काय?

टोपलीतली एक कुर्ली उताणी पडली होती. पाय हलत होते, सावकाश. ईरानं तिला काडीनं सुलटी केली आणि बरणीजवळ सरकली.

"आई, आपण सोडलेल्या दोघींना पिल्लं झाली असतील का गं आता?"