आत माणसे

पाणीपुरवठा केंद्रातला जुना संगणक आता फार दिवसांचा सोबती नव्हता. शहरभर पाणी सोडणाऱ्या झडपा तोच उघडत-मिटत असे, आणि हल्ली मध्येच गोठून बसे. त्याच्यातलं सगळं नव्या संगणकात हलवायला तिला बोलावलं होतं. तिचा नवरा त्याच केंद्रात फिटर. सकाळी दोघं एकाच स्कूटरवरून आले. तो पंपघराखालच्या रिकाम्या टाकीत गळका सांधा दुरुस्त करायला उतरला, ती वरच्या खोलीत, टाकीच्या तोंडापासून चार पावलांवर, कामाला बसली.

"म्हणजे जुन्यातलं नव्यात ओतायचं?" पंपवाल्या काकांनी विचारलं.

"ओतायचं नाही, काका. नवा संगणक आपल्याच पोटात एक लहान संगणक उभा करतो. लटका. थोडी मेमरी, थोडी डिस्क त्याच्या वाट्याला देतो. आतल्या प्रोग्रॅमला वाटतं, आपण जुन्याच घरात आहोत. आपण दाखवू तेवढंच त्याचं जग."

"आणि मध्येच थांबवलं तर?"

"त्याचा काळच थांबतो. पुन्हा सुरू केलं की जिथे होता तिथून पुढे. मध्ये काय झालं, त्याला पत्ता नाही."

"आमच्या सासरेबुवांचं जेवणानंतर असंच होतं," काका म्हणाले.

ती हसली. लटकं यंत्र एकदा चालवून पाहिलं, नीट चाललं, आणि तिने ते थांबवून ठेवलं. झडपांची वायर अजून जुन्यालाच होती. नव्याला जोडायची बाकी होती.

तेवढ्यात जुन्याचा पडदा लुकलुकला. पायाखालची फरशी थरथरू लागली. खालून जड, घरघरता आवाज आला.

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "मोठी झडप उघडतेय! टाकीत पाणी येतंय!"

तिने बटणं दाबून पाहिली. जुना ढिम्म. काकांनी त्याचा प्लगच उपटला. पडदा काळा झाला, घरघर थांबली नाही. काका हाताने झडप फिरवायला बाहेर धावले. ती टाकीच्या तोंडाशी ओणवी झाली.

"अरे, वर ये! आधी वर ये!"

खालून फक्त पाण्याचा आवाज.

मग तोही थांबला.

काका दारातच उभे होते. "मी अजून हातसुद्धा लावला नाही गं," ते हळूच म्हणाले.

तिने वळून पाहिलं. नव्या संगणकाच्या पडद्यावर, थांबवलेल्या लटक्या यंत्राच्या चौकटीत, एक नवी ओळ होती.

झडप बंद केली. आत माणसे: दोन.

शिडी वाजली. नवरा वर आला, कमरेपर्यंत भिजलेला, धडधाकट.

"माणूस खाली असताना पाणी सोडता होय?" तो ओरडला. तिने त्याला घट्ट धरलं. रडता रडता तिला हसू फुटलं. काकांनी भिंतीला टेकून बसकण मारली आणि दोन्ही हात जोडले. नुसता श्वास घेणं इतकं गोड लागू शकतं, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

"तुझ्याबरोबर खाली कोण होतं?" तिने शेवटी विचारलं.

"कोण असणार? एकटाच होतो."

काका सावरून उठले, टाकीचं झाकण लावायला वाकले.

तिची नजर पडद्यावर गेली. यंत्र अजून थांबलेलंच होतं. आकडा तेवढा बदलला होता.

आत माणसे: एक.

"काका," ती म्हणाली, "झाकण राहू द्या उघडं."