जरा पुढे सरका

त्या दिवशी मी निघालो होतो तो फक्त चेनला तेल घालून आणायला. गाडी दादाची. दादा गेल्यापासून ती जिन्याखाली ताडपत्री पांघरून उभी होती आणि वहिनी रोज तिच्याकडे न बघता तिच्या शेजारून जायची. मग एका सकाळी ती तिथेच थांबली. ताडपत्रीचं टोक उगाच सरळ करत म्हणाली, "भावोजी, धुलाई कारखान्याकडची बस बंद झाली. सकाळच्या पाळीला चालत कशी पोचणार मी? तुम्ही सोडत असाल तर मी इथेच राहते. नाहीतर काम सोडून, बाळाला घेऊन आईकडे जाते. राग नाही माझा. पण काय ते सांगा."

"सोडतो की," मी म्हणालो. "त्यात काय एवढं!"

माझं तोंड असंच. माझ्या पुढे धावतं. मला गाडी येत नव्हती.

येतच नव्हती असंही नाही. दादा मागे बसला की यायची. हेल्मेटमध्ये ओरडलेलं कळत नाही म्हणून तो हातानेच शिकवायचा. उजव्या खांद्यावर एक बोट टेकवलं की गिअर टाकायचा. दोन बोटं म्हणजे हळू. आणि अख्खा तळहात पाठीवर पडला की थांबायचं, तिथल्या तिथे, का ते विचारायचं नाही. मी त्या बोटांवर इतका विसंबलो की इंजिन काय सांगतंय ते कधी ऐकलंच नाही. शाळेतही माझं हेच. शेजारच्याच्या वहीत बघून जेवढं जमलं तेवढं जमलं, मग शाळाच सुटली.

दादा गाडीवरून पडून गेला नाही. साध्या तापाने गेला. वॉर्डात वहिनी त्याच्या छातीला निलगिरीचं तेल चोळायची. शेवटी शेवटी त्याचा हात हातात घेतला तर चटका बसायचा.

तर मी गाडी ढकलतच बाहेर काढली, गल्ली संपल्यावर सुरू केली आणि रडतखडत गॅरेजपर्यंत नेली. गॅरेजवाला दारातच उभा होता, कमरेवर हात ठेवून.

"या, पायलट! पहिल्या गिअरवरच आलात? पार चौकापासून ऐकतोय मी. बाकीचे गिअर काय बँकेत ठेवलेत?"

बाकावरची माणसं हसली. मीही हसलो. कान मात्र तापले. चेनला तेल घालताना तो खालच्या आवाजात म्हणाला, "तुझा दादा मागे बसायचा, नाही का... असं कर, तो नवा रस्ता झालाय ना, तिथे जा. अजून सुरू केलेला नाही, हसायला कोणी नाही. फक्त टोकापर्यंत जाऊ नकोस. पूल बांधायचा राहिलाय."

मी तसाच तिकडे गेलो.

दुपार कलली होती. डांबर नवं, काळंभोर, त्यावर अजून पट्टेही मारले नव्हते. ना दिवे, ना घरं. नदीकडून धुकं वर चढत होतं आणि त्यात गाडीचा आवाज कोंडल्यासारखा होत होता. पहिला गिअर, आणि इंजिनाचं ते किंचाळणं. क्लच दाबायचो, पाय पुढे न्यायचो आणि घाबरून मागे घ्यायचो. बघायला कुणी नव्हतं, तरी लाज वाटत होती. घराला आधार द्यायला निघालेला माणूस, आणि त्याला दुसरा गिअर टाकता येत नाही! हेल्मेटच्या आत डोळे वाहायला लागले. काच आतून धुरकट झाली.

"दादा," माझ्या तोंडून गेलं, "सांग ना रे... आता टाकू का?"

गाडी मागून दबली.

मागचे शॉकअप कुरकुरत खाली गेले, भारी माणूस बसला की जातात तसे. गाडी चालू होती, कोणी चढायला ती थांबली नव्हती. मग निलगिरीचा वास आला. आणि माझ्या उजव्या खांद्यावर एक बोट टेकलं.

मी गिअर टाकला. किंचाळणं थांबलं. थोड्या वेळाने पुन्हा एक बोट. पुन्हा गिअर. गाडी लोण्यातून जावी तशी जायला लागली. खरं सांगू? मला भीती वाटलीच नाही. मी हसत होतो, मोठ्याने, एकटा, त्या धुक्यात. मागे कोण आहे ते मला माहीत होतं आणि तेवढं पुरे होतं.

मग दोन बोटं टेकली. हळू.

मी ऐकलं नाही. किती दिवसांनी बरं वाटत होतं... मी मूठ अजून पिळली.

आणि पाठीवर अख्खा तळहात पडला.

तो गरम होता. शर्टातून, बनियनमधून चटका बसावा इतका गरम. मी दोन्ही ब्रेक दाबले. गाडी घसरली, आडवी होता होता उभी राहिली आणि बंद पडली. पुढच्या चाकासमोर डांबर संपलं होतं. तिथून लोखंडी सळया धुक्यात बाहेर आल्या होत्या, आणि खूप खालून पाण्याचा आवाज येत होता.

हात पाठीवर तसाच होता. मागे कोणी तरी श्वास घेत होतं, वॉर्डातल्यासारखा, ओढून ओढून.

तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"उतर," मी म्हणालो. "दादा... उतर. उतर खाली!"

हात निघाला. शॉकअप हळूहळू वर आले, कुरकुरत, आजारी माणूस गाडीवरून उतरावा तसे.

मी मागे पाहिलं नाही. आरसा हाताने आत वळवला, गाडी फिरवली आणि पहिल्याच गिअरवर घर गाठलं. वहिनी दारात होती, कडेवर बाळ.

"चौकापासून ऐकू आलात," ती म्हणाली. "जमतेय का?"

"जमतेय," मी म्हणालो.

रात्री मी ताट तसंच बाजूला सारलं. मला वाचवायला आलेल्या माझ्या सख्ख्या भावाला मी ओळखीचं कुत्रंही नसलेल्या रस्त्यावर उतरवून आलो होतो. तापातल्या माणसाला. धुक्यात.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन असताना पुन्हा गेलो. त्याच जागी गाडी उभी केली. मागच्या सीटची दोन्ही पायदानं उघडली. "दादा, चुकलं माझं. बस. घरी चल." बराच वेळ उभा राहिलो. नदीचं पाणी वाहत होतं. गाडी तसूभरही दबली नाही.

एकटाच परत निघालो. खांद्यावर बोट येईना, म्हणून पहिल्यांदा इंजिनाकडे कान दिला. आवाज चढला की गिअर टाकायचा, उतरला की काढायचा. एवढंच तर होतं. घरी पोचेपर्यंत मला गाडी यायला लागली होती. कुणाला सांगावंसं मात्र वाटलं नाही. भावाला सोडून दिल्यावर आलेली गोष्ट काय मिरवायची?

वहिनी पहिल्यांदा मागे बसली तेव्हा मी सगळी वाट इंजिनाकडे कान देऊन होतो. एकही गिअर चुकला नाही. कारखान्याच्या फाटकापाशी उतरून ती चक्क हसली. दादा गेल्यापासून तिला हसताना पाहिलं नव्हतं.

"बरी चालवता की! आईला कळवते, येत नाही म्हणून. फक्त उद्या जरा पुढे सरका हं, भावोजी. कॅरिअरच्या लोखंडावर बसून आले मी."

दुसऱ्या दिवशी मी आठवणीने पुढे सरकून बसलो. अर्ध्या वाटेत मागून आवाज आला, "अहो, सरका ना जरा."

"सरकलोय, वहिनी."

"अजून थोडं. मूठभर जीव तुमचा, आणि एवढी जागा लागते?"

मी आरसा वळवून मागे पाहिलं. वहिनी पार टोकाला टेकली होती, एका हाताने कॅरिअर घट्ट धरून. तिच्या आणि माझ्या मध्ये एक माणूस बसेल एवढी सीट रिकामी होती. आणि सीटचं रेक्झिन खोल दबलेलं होतं.

फाटकापाशी तिने माझ्या शर्टाजवळ वास घेतला. "सर्दी झालीये का? निलगिरी लावलीत?"

"हो," मी म्हणालो.

आता तो शिकवत नाही. एक बोट नाही की दोन नाहीत. नुसता तळहात असतो पाठीवर. नियम म्हणून मी थांबतो. पुढे बघतो तर रस्ता साफ असतो. वहिनी विचारते, का थांबलात? मी म्हणतो, मांजर गेलं. पुन्हा निघतो. हात तसाच. हल्ली गाडी जिन्याखाली लावून वर आलो तरी पाठीचा तेवढा भाग निवत नाही. आत्ताही तुला हे सांगताना मी भिंतीला टेकून बसत नाही, ते म्हणूनच.

उतर म्हणायला तोंड उघडतं. कुठे न थांबणारं माझं तोंड, त्या एका शब्दापाशी थांबतं. एकदा म्हणून झालंय. त्यालाच पुन्हा कसं म्हणू?

आज सकाळी माझे गुडघे टाकीला चिकटले होते आणि छाती हँडलवर आली होती. याच्यापुढे सरकायला जागाच नाही. वहिनी उतरली, डबा सावरला आणि जाता जाता मागे वळली.

"भावोजी, बाळाचं अंग कालपासून जरा गरम लागतंय. उद्या सुट्टी घेते, त्याला दवाखान्यात दाखवून आणू." मग सीटकडे बघून ती म्हणाली, "आपल्या दोघांच्या मध्ये बसवू त्याला. तिथे आहे की जागा."