ओहोटीच्या वेळी काढलेला बाण

आमच्या घराच्या भिंतीला शिडी लावून कोणीतरी चढलं होतं आणि मला न विचारता तिथे निळा बाण रंगवत होतं.

"अहो! खाली उतरा आधी!"

"एक मिनिट... टोक राहिलंय," तो मागे न बघताच म्हणाला.

टोक राहिलंय म्हणे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी शिडी धरून हलवली. फार जोरात नाही, त्याला वळून बघावं लागेल एवढीच. तो वळला, आणि मग बघतच राहिला. कानाच्या पाळीवर निळा ठिपका, चेहरा दमलेला, डोळे मात्र हसरे. अशा डोळ्यांच्या माणसावर चिडणं जरा अवघड जातं, म्हणून मी जास्तच चिडले.

"भिंत तुमची का?"

"आत्याची. म्हणजे माझीच."

"आत्यांनी परवानगी दिली. चहाही दिला."

आत्या खिडकीत बसून शाळेच्या शर्टांना काजं करत होती. तिने मानसुद्धा वर केली नाही. "चांगला मुलगा आहे गं. ओरडू नकोस, पडेल तो."

आठ वर्षं मी या गावात सूर्यास्ताची फेरी नेत होते. रोज संध्याकाळी स्टेशनवरून निघायचं, पोस्टाच्या कोपऱ्यावरून, मासळीबाजारातून, बर्फाच्या कारखान्यामागून लोकांना एकेक किनारा दाखवत न्यायचं आणि सूर्य बुडायच्या आत तिसऱ्या किनाऱ्यावर पोचायचं. आता नगरपालिकेने ठरवलं होतं, की भिंतींवर बाण काढले म्हणजे लोक आपापले जातील. बाण नीट चालले, तर पुढच्या महिन्यापासून माझी फेरी बंद. आणि हा बाहेरगावचा रंगारी माझ्या पोटावर पाय देत होता, तोही आमच्याच घरचा चहा पिऊन!

त्या दिवसापासून जिथे जावं तिथे तो आणि त्याची शिडी. पोस्टाच्या कोपऱ्यावर मी माझ्या अकरा माणसांसमोरच त्याला गाठलं.

"हा बाण वाकडा आहे."

"भिंत वाकडी आहे."

"बरोबर! नाचता येईना, अंगण वाकडं."

"तुम्ही रागावलात ना, की तुमच्या नाकाचा शेंडा लाल होतो," तो ब्रश पुसत म्हणाला. "हा रंग माझ्याकडे नाही. कुठे मिळतो?"

अकराच्या अकरा माणसं हसली. मी हसले नाही. पण घरी जाताना दुकानांच्या काचांमध्ये तीन वेळा नाक बघितलं, आणि त्याचाही राग त्याच्यावरच काढला.

शुक्रवारी तो दुसऱ्या किनाऱ्याच्या टोकाला भेटला. तिथून पुढे काळे खडक आहेत. खडकांच्या पायथ्याशी वाळूची एक चिंचोळी पट्टी आहे, ती धरून गेलं की तिसरा किनारा. शेवटचा बाण त्याने खडकावर काढला होता, त्या पट्टीकडे टोक करून. वरून दगडी पायऱ्यांची लांबची वाट आहे, तिच्याकडे त्याने बघितलंही नव्हतं.

"सोमवार, मंगळवार, बुधवार, तिन्ही संध्याकाळी चालून बघितलं," तो म्हणाला. "बूटसुद्धा ओले झाले नाहीत. सात मिनिटांत पलीकडे. संध्याकाळी इथे रोज एवढी वाळू असते ना? आमच्या गावाला समुद्र नाही हो. नदी आहे, ती बिचारी जागच्या जागी असते."

भरती-ओहोटी रोज पाऊण तासाने पुढे सरकते. या आठवड्यात संध्याकाळी कोरडी असलेली ती वाळू पुढच्या आठवड्यात त्याच वेळी कमरेइतक्या पाण्याखाली जाते. हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. हा मात्र समुद्राला कचेरीच्या वेळा असतात असं धरून बसला होता. एका वाक्याचं काम होतं.

"मोजलंत ना तुम्ही? मग मला कशाला विचारता?"

"तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं म्हणून," तो म्हणाला. चिडवत नव्हता... खरंच विचारत होता.

आणि मी मूग गिळून गप्प बसले. मनात म्हटलं, घोडामैदान जवळच आहे. बुधवारी बाणांचा पहिला दिवस. चार लोक गुडघाभर भिजून मागे फिरतील, बाणांचं हसं होईल, आणि माझी फेरी वाचेल.

बुधवारी मी माझ्या लोकांना पायऱ्यांच्या वाटेने नेलं. निम्म्या वाटेत कोणीतरी म्हणालं, "खाली कोणीतरी अडकलंय का हो?" खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. मी कठड्यावरून वाकून बघितलं.

एका खडकावर, चारी बाजूंनी पाणी, एका हातात चपला धरून आत्या उभी होती.

सत्तरीची माझी आत्या. गुडघे दुखरे. आठ वर्षांत ती माझ्या फेरीला कधी आली नाही. "तुझ्यामागे धावायला मी काय शेळी आहे?" म्हणायची. बाण बघत बघत आपल्या चालीने जाता येईल म्हणून ती बिचारी निघाली होती. दुसऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात माझंच माणूस उभं होतं.

मी खाली पोचले तेव्हा तो पाण्यात उतरलाही होता. आपल्या बाणांची पहिली संध्याकाळ बघायला आला होता. एका बाजूने त्याने धरलं, दुसऱ्या बाजूने मी. पाणी कमरेपर्यंत, लाटेसरशी पायाखालची वाळू सरकत होती. आत्या मात्र सगळा वेळ तोफ डागत होती.

"कोणत्या गाढवाने काढला इथे बाण?"

"मी," तो म्हणाला.

"तुला काय कळतंय रे! गावातल्या एकानेही सांगितलं नाही तुला?"

त्याने आत्याच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं. आता ते डोळे हसरे नव्हते.

आत्याला कोरड्या वाळूवर बसवून त्याने आपला शर्ट तिच्या पायांभोवती गुंडाळला. मग माझ्याजवळ आला.

"शुक्रवारी मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

"माझ्यावर राग होता तर मला ढकलायचंत पाण्यात! हसत पडलो असतो मी." त्याने आत्याकडे बोट दाखवलं. "लोकांना कशाला?"

आठवडाभर माझी जीभ कात्रीसारखी चालली होती. त्या वेळी मात्र मी आत्याच्या चपलांतली वाळू झटकत राहिले. त्याचं बरोबर होतं, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेतून बोलावणं आलं. तिथल्या बाईंनी त्याचं पत्र माझ्यासमोर धरलं. 'भरतीच्या वेळांची चौकशी केली नाही, चूक सर्वस्वी माझी,' आणि खाली त्याची सही. "शेवटचा बाण पुसायला सांगितलाय त्यांना," बाई म्हणाल्या. "तुमची फेरी चालू ठेवू."

हवं होतं ते आयतं हातात पडलं होतं. आणि मला इतका राग आला, त्याचा, त्याच्या त्या चांगुलपणाचा, माझा स्वतःचा!

"खोटं आहे ते. त्यांनी चौकशी केली होती. माझ्याकडेच. मी मुद्दाम सांगितलं नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग तुमच्यामागे लोक कसे पाठवू मी?"

फेरी दुसऱ्या कोणालातरी द्यायचं ठरलं.

बाहेर तो चुन्याचा डबा घेऊन उभा होता. दारातून सगळं ऐकलं होतं त्याने.

"कशाला बोललात? माझं काम संपलंच होतं. तुमचं तरी राहिलं असतं!"

"मी मागितली होती का तुमची दया?"

"दया? दया कोण करतंय तुमच्यावर?"

भांडत भांडत आम्ही पोस्टावरून गेलो, मासळीबाजारातून गेलो, बर्फाच्या कारखान्यामागून गेलो. उन्हं उतरली होती. लोक थांबून बघत होते, बघेनात का! पहिला किनारा गेला, दुसरा आला. खडकाशी पोचेपर्यंत दोघांचेही घसे बसले होते.

तो बाणावर चुना फिरवू लागला.

"उद्या सकाळच्या गाडीने जातोय."

"जा."

"जातोच आहे."

ब्रश दोनदा फिरला... मग थांबला. "एक विचारू? मी गेलो तर तुम्हाला... काही वाटेल?"

सूर्य पाण्याला टेकला होता. 'मला कशाला विचारता' हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

"वाटेल!" मी अशी ओरडले, की तो दचकला. "खूप वाटेल! आठ दिवस उठता-बसता तुमच्यावर चिडतेय मी. फेरी गेली त्याचं वाईट वाटतंय, पण तुम्ही जाणार म्हणून त्याहून वाईट वाटतंय, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग आलाय! तुम्ही मला आवडता. राहा. सांगितलं. झालं समाधान?"

त्याने डबा खाली ठेवला. पाणी आमच्या पावलांपर्यंत आलं होतं, पण दोघंही हललो नाही.

"परत सांगा," तो म्हणाला.

"का? एकदा ऐकू आलं नाही?"

"गेल्या वेळी एकदाच विचारून सोडून दिलं, ती माझी चूक होती."

मी त्याच्या कानाच्या पाळीवर उडालेला चुना बोटाने पुसला.

"राहा," मी म्हटलं. या वेळी आवाज चढला नाही.