डावीकडचा तिसरा फेरा

विनयाकाकूंची गाडी कळंबच्या वळणावर आली की दादासाहेबाच्या गॅरेजात आधी तिचा आवाज पोचायचा आणि मग गाडी. मागच्या बाजूनं नुसतं घुंईंऽऽ! पिठाची गिरणी चाकांवर घालून काकू बारामतीला निघाल्यात, असं लोक हसून म्हणायचे. सत्तरी ओलांडलेली किडकिडीत बाई, स्टिअरिंगला नाक लावून बसलेली, आणि शेजारची डावी सीट कायम रिकामी.

ती सीट चिंतामणकाकांची. वालचंदनगरच्या कारखान्यात गियर कापण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर कळंबला घर बांधलं, डोळे अधू झाले तशी गाडी बायकोच्या हाती दिली आणि स्वतः डावीकडं बसून सूचना देत राहिले. अगडबंब माणूस. बसले की गाडी त्या बाजूला झुकायची. "अहो, पोट जरा इकडं सरकवा," असं काकू म्हणायच्या. दिवाळीनंतर ते गेले.

"काकू, गोळा गेलाय," दादासाहेब गाडीखालून बाहेर येत म्हणाला. "मागच्या दोन चाकांच्या मधी असतोय न्हवं, त्यो. डिफरन्शियल. दातं पार झिजल्यात. एक दिवस चालत्या गाडीत जाम हुईल आन् तुमी जाल कालव्यात."

"बदलता येईल?"

"म्हंजी, कसा न्हाय येणार! पण दुसरा घावला पायजे."

"मग शोध बाबा. शनिवारी आमचा अनय येतोय पुण्याहून. आवाज गेला तर गाडी राहू दे म्हणतो, नाहीतर सरळ भंगारात." काकूंनी बॉनेटवरून हात फिरवला. "यांची गाडी मला तोडायला नाही द्यायची रे, दाद्या. घरात एवढं एकच उरलंय, ज्यात बसलं की मला एकटं वाटत नाही."

बावन्न वर्षांच्या दादासाहेबाला दाद्या म्हणणारी दोनच माणसं होती. त्यातलं एक आता समोर उभं होतं. "भंगारवाल्याचा बाप आला तरी गाडी जायची न्हाय," तो म्हणाला. बारामतीतली सगळी जुन्या मालाची दुकानं पालथी घालून त्यानं बऱ्यापैकी एक गोळा मिळवला, आणि शुक्रवारी सकाळी काकूंच्याच अंगणात गाडी जॅकनं उचलून लोखंडी घोड्यांवर चढवली.

हे काम दोघांचं. पूर्वी उजवीकडं दाद्या असायचा, डावीकडं काका. तरणा असताना एकदा दाद्यानं न विचारता जॅक सोडला होता आणि काकांच्या बोटाचं पेर गेलं होतं. ओरडणं नाही, शिवी नाही. बोटाला फडकं गुंडाळत काका म्हणाले होते, "आजपासून नियम. काम झालं की तू तुझं चाक तीनदा फिरवायचं. मी माझं तीनदा उलटं फिरवणार. माझे तीन पुरे झाले, तरच उतरवायची." पंचवीस वर्षं तो नियम कधी मोडला नाही.

दुपारपर्यंत मागची चाकं निघाली, दोन्ही एक्सल बाहेर आले, जुना गोळा बाहेर आला. मधलं घर रिकामं झालं. दादासाहेबानं आत हात घालून चिंधीनं पुसून घेतलं. गार, गुळगुळीत पोकळी. तो उजवीकडं येऊन टेकला, तसा त्याचा गुडघा चाकामागच्या ब्रेकच्या ड्रमला लागला आणि ड्रम अर्धा फिरला.

डावीकडून खर्र असा आवाज आला.

त्यानं वाकून गाडीखालून पाहिलं. डावीकडचा ड्रम उलट्या दिशेनं अर्धा फिरून थांबत होता.

गोळा बसवलेला असता तर यात नवल नव्हतं. एक चाक फिरवलं की दुसरं उलटं फिरतं, गोळ्याचं कामच ते. पण गोळा तर त्याच्यासमोर पोत्यावर पडला होता. दोन चाकांच्या मधे काहीच नव्हतं.

त्यानं ड्रम मुद्दाम पाव फिरवला. पलीकडं पाव फिरला.

"काकू!" त्यानं हाक मारली. "तुमी डावीकडं आलावता का?"

"मी कशाला येऊ? कणीक मळतेय," म्हणत काकू दारात आल्या. दोन्ही हात पिठानं भरलेले. "का रे?"

"काय न्हाय. वारा आसंल."

वारा ड्रम फिरवत नाही, हे त्याच्याइतकं कळंबात कुणाला ठाऊक होतं? पण तोंडातून तेवढंच निघालं. पुढं दोन तास त्यानं उजवीकडच्या ड्रमला उगाच हात लावला नाही. नवा गोळा बसवला, बोल्ट आवळले, एक्सल घातले. मधेच काकूंनी चहाला हाक मारली, तो ओट्यावर बसून चहा प्याला, बारामतीच्या गप्पा झाल्या. परत येऊन चाकं चढवली. उन्हं कलली होती.

"झालं का?" काकू पायरीवर येऊन बसल्या.

"झालं. आता उतरवतो."

सवयीनं त्यानं उजवं चाक तीनदा फिरवलं. तळवा टायरवर तसाच राहिला. आपण कुणाची वाट बघतोय, हे ध्यानात येऊन त्याला स्वतःचंच हसू आलं.

चाक तळव्याखाली हललं, पलीकडचं चाक कुणी फिरवल्यासारखं.

एक फेरा. सावकाश, जड हातानं दिलेला.

दुसरा.

तिसरा आलाच नाही.

दादासाहेबानं टायर सोडला नाही. असा फेरा देणारा हात त्याला अंधारातसुद्धा ओळखता आला असता.

"काका," तो हळूच म्हणाला, "तिसरा?"

चाक हललं नाही.

"उतरव की रे," काकू म्हणाल्या. "सकाळी अनय यायच्या आत मला एक चक्कर मारायचीय."

जॅकचा दांडा हातात होता. त्यानं तो खाली ठेवला. उठला, गाडीला वळसा घालून डावीकडं गेला.

डाव्या चाकाशी तेलाचा डबा होता. गोळ्यात भरायचं तेल. सील तसंच.

भरायचं म्हणून तिथं ठेवलं, तेवढ्यात चहाला उठला, आणि परत आल्यावर भरून झालंय असंच मनानं धरून चालला होता. गोळ्यात थेंब नव्हता, म्हणजे चालत्या गाडीत तो जाम होणार. सकाळच्या चकरेत, कालव्याच्या पुलावर, आत काकू...

पुढचं त्यानं मनात येऊ दिलं नाही. तेल भरलं, बूच आवळलं, दोनदा तपासलं. मग उजवीकडं येऊन चाक तीनदा फिरवलं आणि तळवा टायरवर ठेवून थांबला.

एक.

दोन.

तीन.

त्यानं गाडी उतरवली. काकू पायरीवरून बघत होत्या. त्यांनी पदरानं चष्मा पुसला.

सकाळी अनय आला तेव्हा काकू गाडीत बसूनच होत्या. अनय डावीकडचं दार उघडायला गेला, तर म्हणाल्या, "तू थांब इथंच. बाहेरून आवाज ऐक." एकट्याच निघाल्या. गाडी फाटकातून गेली. मागून घुंई नाही, घरघर नाही.

"कमाल केलीत, दादासाहेब," अनय म्हणाला. "राहू दे गाडी. आईचा जीव आहे तिच्यात."

दोघं रस्त्याकडं बघत राहिले. मग अनयच्या कपाळाला आठी पडली.

"पण मागच्या स्प्रिंगचा डावा पाटा बसलाय का हो? आई तर उजवीकडं बसलीय. गाडी डावीकडं का झुकलीय?"

दादासाहेबानं बघितलं. पाटे त्यानं कालच हातानं तपासले होते.

"पाटं चांगलं हायत," तो म्हणाला. "गाडीत काय बी दोष न्हाय."