पट्टेरी पन्हळ

"आज पन्हळीची उंची मोजायची," वहीताई सकाळी सहालाच म्हणाली. "तेवढंच तपासायचं राहिलंय."

"काल सकाळी खाद्याचा वास राहिला होता, काल संध्याकाळी पाण्याची चव," तिचा आतेभाऊ म्हणाला. बोलायला लागला की थांबत नसे, म्हणून त्याला सगळे 'इंजिन' म्हणत. "पाणी मीच प्यायलो. मला काही झालं नाही आणि पिल्लांनाही काही झालं नाही. ती आपली उपाशीच."

वहीताई बारा वर्षांची होती. दिसेल ते वहीत टिपून ठेवायची तिला सवय होती. ती आणि तिचा धाकटा भाऊ 'शेपूट' सुट्टीसाठी आत्याकडे आले होते. आत्याच्या घरामागे कोंबड्यांची शेड होती. हॅचरीतून, म्हणजे अंडी उबवण्याच्या केंद्रातून, आणलेल्या नव्या पिल्लांपैकी साठ पिल्ले आत्याने खास वहीताईच्या हवाली केली होती. "यांची जबाबदारी तुझी," असे तिने सर्वांसमोर सांगितले होते.

पहिले दहा दिवस पिल्ले जमिनीवर पसरलेल्या कागदावरून खाद्य टिपत होती. काल सकाळी कागद काढून खाद्यासाठी पत्र्याच्या दोन लांब पन्हळी ठेवण्यात आल्या, आणि तेव्हापासून पिल्ले पन्हळीजवळ जाईनात. रात्री आत्याने एकेकाच्या गळ्याखालची पिशवी बोटांनी चाचपून पाहिली. ती रिकामी होती.

"उद्या सकाळी आठला हॅचरीची गाडी येईल," ती जेवताना म्हणाली होती. "परत नेतील."

"तिथे अशक्त पिल्लांचं काय करतात?" शेपटाने विचारले.

"वरण घे अजून," आत्या म्हणाली.

काकांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, कारण आधीच शोधून ठेवले होते. तीस वर्षे कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून काम केलेल्या माणसाला कारण सापडायला वेळ लागत नाही. "हाताळून हाताळून घाबरवलीत तुम्ही त्यांना," ते म्हणाले आणि शेडच्या दाराला कुलूप लागले. दारावर फलक आला : 'लहान मुलांना प्रवेश नाही.'

त्यामुळे उंची मोजायची ती जाळीच्या खिडकीतून. इंजिनाने खुणा केलेली काठी आत सरकवली आणि वहीताईने आकडा वाचला. पन्हळीची कड बरोबर पिल्लांच्या पाठीएवढी होती, म्हणजे जशी हवी तशीच.

"म्हणजे उंचीही नाही," इंजिन म्हणाला. "वास नाही, पाणी नाही, उंची नाही. आता काय, पिल्लांची पत्रिका बघायची?"

"तू जरा गप्प बसतोस का?" वहीताईने वहीतली तिसरी ओळ खोडली. कागद फाटला. तिने पेन्सिल भिरकावली, ती जाळीतून थेट आत पिल्लांच्या मध्ये जाऊन पडली.

साठही पिल्ले झटक्यात मागे सरली.

वहीताई जाळीला नाक लावून उभी राहिली. ही पिल्ले कशालाही घाबरणारी नव्हती. बटण पडो, दोरा पडो, आधी धावत येऊन टोचून बघायची. परवा तर तिच्या चपलेचा बंद सोडायला तयार नव्हती.

"पेन्सिलीला कसली घाबरतात?" ती पुटपुटली.

"सुरवंटासारखी दिसतेय ना ती," शेपूट म्हणाला. "पट्ट्यापट्ट्यांची."

पेन्सिलीवर पिवळे-काळे पट्टे होते. वहीताईने भराभर मागची पाने उलटली. परवाची नोंद होती : 'दुपारी चार. पिल्लं अंगणात. चिकाच्या झुडपावर पिवळे-काळे सुरवंट. एका पिल्लाने टोचला, लगेच टाकला, मान झटकली, चोच मातीत पुसली. आणखी तिघांनी तेच केलं. नंतर कुणी जवळ गेलं नाही.'

"तो सुरवंट चिकाची पानं खातो, म्हणून कडू होतो," ती सावकाश म्हणाली. "आणि ते सगळ्यांना दिसावं म्हणून असा भडक असतो. एकदा चोच मारली की पुन्हा कुणी त्याच्या वाटेला जात नाही."

तिघांनी एकदमच पन्हळींकडे पाहिले. दोन्हींच्या कडेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पिवळी-काळी चिकटपट्टी लावलेली होती.

आत्या अंडी पुसत होती. तिने निम्मेच ऐकले. "भूक लागली की सगळे रंग सारखे दिसतात गं," ती म्हणाली. "आणि फोन झालाय माझा."

काकांनी तर चष्माही काढला नाही. "ते पट्टे माणसांसाठी आहेत. माझी नडगी आपटली होती पन्हळीवर. ठेच लागण्याजोग्या जागी पिवळे-काळे पट्टे लावायचे असतात."

"पण काका, पिल्लांना..."

"पिल्लांना कारखान्याचे नियम माहीत नसतात."

"त्यांना त्यांचे माहीत असतात," वहीताई म्हणाली. पण काकांनी वर्तमानपत्र वर केले होते.

बाहेर येऊन ती पायरीवर बसली. डोळ्यांत पाणी येत होते, आणि ते येते आहे याचाच तिला अधिक राग येत होता. उत्तर हातात होते, पण ते घ्यायला कुणीच तयार नव्हते. मग इंजिनाचे लक्ष शेडच्या दाराशेजारी दोरीने टांगलेल्या नोंदवहीकडे गेले. तिच्यावर काकांच्या वळणदार अक्षरात लिहिले होते : 'धोक्याची सूचना कोणीही नोंदवावी. तपासणी त्याच दिवशी होईल. सही करणे बंधनकारक.'

"कोणीही," इंजिन म्हणाला. "यात लहान मुलं नकोत असं कुठे लिहिलंय?"

वहीताईने नोंद केली. तारीख, वेळ, धोका, सुचवलेली चाचणी. शेपटाने ती नोंदवही नेऊन काकांच्या वर्तमानपत्रावर ठेवली.

काकांनी नोंद दोनदा वाचली. नियम त्यांचाच होता. ते उठले आणि किल्ली घेतली.

एका पन्हळीचे पट्टे खाकी कागदाने झाकले, दुसरीचे उघडे ठेवले. दोन्हींत एकाच पोत्यातले खाद्य घातले. काका हातात घड्याळ धरून उभे राहिले. पाच मिनिटे गेली. पिल्ले हलेनात.

"झालं समाधान?" काका म्हणाले.

सातव्या मिनिटाला एक पिल्लू खाकी कागदाच्या बाजूने पुढे आले. त्याने एक दाणा टिपला, दुसरा टिपला. मग मागची सगळी धावली आणि पन्हळीवर पिसांची दाटी झाली. पट्टेरी पन्हळीकडे एकही फिरकले नाही.

"योगायोग असू शकतो," काका म्हणाले; पण आता त्यांनी चष्मा काढला होता.

"मग कागद बदलू या," वहीताई म्हणाली. "याचा काढू, त्याचा झाकू."

कागद बदलला. थोड्या वेळाने पिल्लांनीही पन्हळ बदलली.

आत्या दारात केव्हा येऊन उभी राहिली ते कुणाला कळले नाही. तिने एक पिल्लू उचलले आणि त्याच्या गळ्याखाली बोट लावले. "भरली," ती म्हणाली आणि तशीच, हात न धुता, फोनकडे गेली. गाडी पाठवू नका म्हणून सांगताना तिचा आवाज अंगणापर्यंत ऐकू येत होता : "हो, आमच्या मुलीने शोधून काढलं. बारा वर्षांची आहे."

काका गुडघ्यांवर बसून चिकटपट्टी सोलू लागले. "म्हणजे सुरवंटाने स्वतःच्या अंगावर फलक लावलाय," ते म्हणाले. "आणि तो वाचला जातो. तीस वर्षांत माझा एकही फलक कुणी इतक्या काळजीने वाचला नाही." मग त्यांनी नोंदवहीत लिहिले : 'सूचना योग्य. चूक सुरक्षा अधिकाऱ्याची.' खाली सही केली आणि दारावरचा फलक उतरवला.

संध्याकाळी शेडमधून पत्र्याचा मोठा आवाज आला. तिघे धावत गेले. काका एका पायावर उभे होते, नडगी चोळत. पिल्ले शांतपणे खात होती.

"लागलं का काका?" शेपटाने विचारले.

"नाही," काका दात आवळून म्हणाले. "चालू द्या त्यांचं."