बर्फाखालचा वास

"तोन्या, गिरमिट घट्ट धर! बर्फाला गुदगुल्या करतेस का?" गोशा ओरडला.

"तू बोलतोस जास्त, फिरवतोस कमी!" तोन्याने आपल्या चुलतभावाला सुनावले. शेजारची झीना किटली पोटाशी धरून खिदळली.

मार्चची सुट्टी लागली होती. अमूर नदी अजून मीटरभर बर्फाखाली निजलेली होती. तोन्याचे मन मात्र सुट्टीत नव्हते. आठ दिवसांपासून आकीम आजोबांनी जाळे खुंटीला टांगले होते. "माशाला औषधासारखा वास येतो," ते खोल आवाजात म्हणत. "नदी गोठताना तिला घास द्यायला मी विसरलो. ती माझ्यावर रुसलीय." गाव हसे. गोठलेल्या माशाचे पातळ काप मीठ लावून कच्चेच खाणाऱ्या कुणालाच वास आला नव्हता.

काल झीनाने सहज विचारले होते, "आजोबा काप का खात नाहीत गं?"

"दात कुठे आहेत त्यांना? सूप करतात ते..." तोन्या बोलता बोलता थबकली होती. आजोबांचा मासा शिजत होता! गोठलेल्या माशाचा वास येणार कसा?

म्हणून आज बर्फाला दोन भोके पाडायची होती: आजोबांच्या जाळ्याजवळ नदीला एक घळ मिळे; एक तिच्या वरच्या अंगाला, एक खाली. वरचे पाणी उकळले. वास नाही. खालचे उकळू लागताच झीना नाक धरून मागे सरली. "शी! दवाखाना!"

घळीतला बर्फ उकरल्यावर गावाजवळच्या प्लायवुड कारखान्याचा पाईप उघडा पडला. त्यातून तपकिरी पाणी ठिबकत होते.

मुलांनी धावत जाऊन गावप्रमुख ल्युबोव काकूंना गाठले. दुपारी काकूंनी कारखान्याच्या व्यवस्थापकांना, सेम्योन पेत्रोविच यांना, आजोबांच्या घरी बोलावून आणले. व्यवस्थापकांनी अंगणातला गोठलेला मासा हुंगला. "कुठे आहे वास? दर जुलैत आम्ही पाणी तपासतो. एकदम स्वच्छ!"

"बरं," तोन्या नम्रपणे म्हणाली. "थंडीतून आलात, चहा तरी घ्या!"

त्यांनी वाफाळता पेला तोंडाजवळ नेला आणि नाक मुरडून तो झटकन दूर धरला.

"पिऊ नका!" तोन्याने चटकन पेला काढून घेतला. "घळीखालचं पाणी आहे ते. जुलैत नदी दुथडी भरलेली असते, सगळं वाहून जातं. आत्ता पाणी थोडं, आणि वर बर्फाचं झाकण!"

सेम्योन पेत्रोविच यांनी टोपी काढली. "हिवाळ्यात बर्फ फोडायचा आम्ही कंटाळा केला," ते हळूच म्हणाले. संध्याकाळपर्यंत पाईप बंद झाला.

"आम्ही मोठे नुसते हसत बसलो," ल्युबोव काकू मुलांना जवळ घेऊन म्हणाल्या. "आजोबांचं खरं मानलंत ते तुम्हीच!"

दुसऱ्या दिवशी आजोबा जाळे घेऊन वरच्या भोकाशी गेले. त्यांनी वाटीतली घासभर लापशी पाण्यात सोडली.

"ती रुसली नव्हती, आजोबा," तोन्या म्हणाली. "आजारी होती."

आजोबांनी क्षणभर पाण्याकडे पाहिले. "मग पोटभर खायला हवं तिला," ते म्हणाले आणि उरलेली सगळी वाटी त्यांनी नदीत उपडी केली.