एक स्थळ कमी

उत्तरेश्वरचा फोटो पडद्यावर अर्धाच उमटला — कपाळ, भुवया, हसरे डोळे — आणि कॉम्प्युटर जो अडकला तो अडकलाच. मंडळात कामाला असलेली राधा एकेक बटण दाबत सुटली.

"माझं तोंड बघून बंद पडला का हो?" समोरच्या खुर्चीतून त्यानं विचारलं.

"तोंडं बघायला तर ठेवलाय त्याला," राधा म्हणाली खरी, पण आवाज कापलाच.

कापणार नाही तर काय! नारायण पेठेतल्या त्या वधूवर सूचक मंडळाचे सगळे फोटो त्या एका म्हाताऱ्या डब्यात. रविवारी मेळावा, आणि मालकीण सुहासिनीबाई म्हणजे साक्षात जमदग्नी. नवा कॉम्प्युटर आणून ठेवला होता, पण त्याची सिस्टिम वेगळी, म्हणून भीतीपोटी कुणी हात लावला नव्हता. उत्तरेश्वर मूळचा लातूरकडचा, हडपसरला आयटीत. आला होता नाव नोंदवायला. डबा बंद करून परत चालू केला आणि त्याला कान लावून म्हणाला, "हार्डडिस्क मरायला टेकलीय. फोटो हलवायला हवेत. चार संध्याकाळी लागतील... येऊ का?"

"या," राधा म्हणाली. नको कोण म्हणतंय!

तो रोज आला. जुन्या कॉम्प्युटरवरची मराठी नावं नव्यावर नुसते चौकोन दिसायची, म्हणून दोघांनी शेजारी बसून एकेका फोटोला क्रमांक दिला. अकराशे बारा चेहरे!

"ह्यात तुमचा फोटो कुठाय?" त्यानं एकदा हळूच विचारलं.

"नोकरी जाईल हो! नोकरांची लग्नं मंडळ जुळवत नाही."

"मग कोण जुळवतं?"

राधानं पुढ्यातल्या फोटोला दोनदा चुकीचा क्रमांक दिला. बयेचा जीव जडला की हो त्याच्यावर! आणि मग भीतीनं तिची झोप उडाली. बाईंनी नोकरी देतानाच बजावलं होतं, "इथल्या स्थळाकडे स्वतःसाठी बघितलंस, तर दुसऱ्या दिवशी यायचं नाही." त्यातून शुक्रवारी उत्तरेश्वरचा फोटो बघून बाई म्हणाल्या, "ह्याला रविवारी सगळ्यात आधी दाखव. संध्याकाळपर्यंत ह्याचं जमवते की नाही बघ." बाईंनी म्हटलं की जमायचंच.

शनिवारी दोन्ही कॉम्प्युटरमध्ये केबल टाकली, तर तिचं टोक सैल. उत्तरेश्वर टेबलाखाली मांडी घालून बसला. "मी दाबून धरतो. तुम्ही पन्नास-पन्नास फोटो पाठवा. घाबरू नका."

डब्यातून कट्... कट्... आवाज येत होता. प्रत्येक आवाजाला राधा दचकत होती. शेवटी उरलेल्या बारांत उत्तरेश्वरचा फोटो होता, तेच हसरे डोळे. उद्या कुणाचे तरी आईवडील ह्याच डोळ्यांना पसंत करणार... तिनं बाकीचे निवडले. तो तसाच सोडला.

"झालं?" टेबलाखालून विचारणा झाली.

"झा... झालं."

आणि त्याच क्षणी डबा टक् करून बंद पडला, तो कायमचाच.

उत्तरेश्वरनं बाहेर येऊन मोजणी केली आणि त्याचा चेहरा पडला. "अकराशे अकरा. एक गेला! माझं बोट हललं असणार. कुणाचं तरी स्थळ माझ्यामुळे गेलं हो. बाईंना मीच सांगतो." त्यानं फोन उचलून नंबर फिरवलासुद्धा.

 गप्प बसलं तर नोकरी वाचत होती. पण बोल त्याला लागणार होता, आणि उद्या दुसरा फोटो मागवून बाई त्याला मांडवात उभा करणारच होत्या.

"थांबा... तुमचं बोट नाही हललं. मीच नाही पाठवला तो. तुमचा होता."

"माझा? का?"

"उद्या कुणी पसंत केलं असतं तर?" बोलून गेली आणि तिनं तोंडावर हात दाबला. आता हा उठून जाणार, ह्या धास्तीनं ती वर बघेना.

फोन लागला होता. "बाई, एक फोटो राहिला," उत्तरेश्वर म्हणत होता. त्याचाही आवाज धड नव्हता. "माझाच... नाही, परत नका मागवू. माझं ठरलंय असं वाटतं."

"वाटतं म्हणजे? कुणाशी?" बाईंचा आवाज खोलीभर ऐकू आला.

त्यानं फोनवर तळवा ठेवला. "सांगू? तुमची नोकरी जाईल."

राधानं तोंडावरचा हात काढला. तिनं वर बघितलं.

"सांगा," ती म्हणाली.